रिकामी पाकिटं मोजताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. सोमवारपासून तू औषधांच्या चाचण्या करणाऱ्या आमच्या संशोधन केंद्रात कोऑर्डिनेटर म्हणून रुजू होतेस. प्रोटोकॉल म्हणजे चाचणीचा आराखडा, फायली, एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीची, पत्रं हे शिकवायला इथे बरेच जण आहेत. मी तुला लिहिते आहे ते गोळ्या मोजण्याबद्दल.

दर व्हिजिटला पेशंट उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं परत आणतात. आपण मोजायची, किती दिल्या, किती उरल्या ते लिहायचं. पाच मिनिटांचं काम. पूर्वी मी दुसऱ्या एका रुग्णालयात होते, तिथे मधुमेहाच्या औषधाच्या चाचणीत एक आजोबा होते. त्यांचा हिशेब एका गोळीनेही कधी चुकला नाही. मी इतर पेशंटसमोर त्यांचं कौतुक करायचे. सहाव्या व्हिजिटला सून बरोबर आली. तिने मला जिन्यात गाठलं. "ताई, त्या गोळीने त्यांना मळमळतं. रोज पाकिटातून काढतात आणि कुंडीत टाकतात. तुम्ही रागवाल म्हणून बोलत नाहीत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मळमळ हा औषधाचा परिणाम असू शकत होता आणि आमच्या कागदांत तिचा उल्लेखही नव्हता. औषध न घेणारा माणूस आमच्या आकड्यांत एकही गोळी न चुकवणारा म्हणून बसला होता. दुसऱ्या दिवशी मी सगळं मुख्य संशोधकांना सांगितलं, नोंदी तारीख घालून दुरुस्त झाल्या. पण आजोबांना मी दोष देऊ शकले नाही. माझ्या कौतुकानेच त्यांचं तोंड बंद केलं होतं.

तेव्हापासून मी "सगळ्या घेतल्या ना?" असं विचारत नाही. त्या 'ना'मध्येच उत्तर असतं, आणि आपली माणसं समोरच्याचं मन मोडत नाहीत. "या महिन्यात किती चुकल्या?" असं विचार. मग लग्नाला गावी गेले होते, उपास होता, पोटात जळजळ झाली, सगळं बाहेर येतं.

मद्रासला १९५६ मध्ये क्षयरोगाची एक चाचणी सुरू झाली. १९३ रुग्ण होते. चिठ्ठी टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एक गट वर्षभर सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या खास रुग्णालयात, दुसरा त्याच औषधांवर आपापल्या घरी, दाटीवाटीच्या वस्तीत, पोटाला पुरेसं नसताना. घरी लोक गोळ्या घेतील का, याचीच सगळ्यांना शंका होती. म्हणून कर्मचारी न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजत, औषध पोटात गेलं का ते पाहायला लघवी तपासत. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले. घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरातल्यांना जास्त लागण झाली नव्हती, हेही पुढे दिसलं. आज क्षयाचा पेशंट घरच्या माणसांत राहून औषध घेतो, त्याचा पाया तिथे घातला गेला. तो कुणीतरी दारोदार जाऊन केलेल्या मोजणीवर उभा आहे, हे मी विसरत नाही.

चाचणीत येण्याआधी पेशंट सही करतो त्या संमतीपत्राचंही तेच, माणूस मोकळेपणी बोलला पाहिजे. माहितीपत्रकात 'अभ्यास' लिहिलेलं असतं. गावाकडच्या बाईंना तो मुलांचा शाळेचा अभ्यास वाटतो. मग त्या हळूच विचारतात, "म्हणजे आमच्यावर प्रयोग?" तेव्हा शब्द लपवू नकोस. हो म्हण, आणि कसला प्रयोग, धोका काय, दुसरा उपचार कोणता, हे सावकाश सांग. वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार पूर्ण वेळ समोर हवा. अंगठ्यापुरता बोलावलेला माणूस साक्षीदार नव्हे. सांगून झालं की त्यांनाच म्हण, "आता तुम्ही मला समजावून सांगा." घरी जाऊन विचार करू दे. "नको म्हटलं तर डॉक्टर चिडतील का?" असं कुणी विचारलं तर खूश हो, त्या माणसाला तू परकी वाटत नाहीस. नकार दिला तरी आणि मध्येच सोडलं तरी इथले उपचार तसेच मिळणार, हे दोनदा सांग.

महिन्याअखेरीस किती पेशंट घेतले अशी स्पॉन्सरकडून, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीकडून, विचारणा होईल. ते दडपण पेशंटच्या खुर्चीपर्यंत पोहोचू देऊ नकोस. तिथे भीती बसली की नुकसान मोठं होतं. पेशंट रात्री तालुक्याच्या दवाखान्यात दाखल झाला, तर २४ तासांत औषध नियंत्रकांना, एथिक्स कमिटीला आणि स्पॉन्सरला कळवावं लागतं. पण आपल्याला कळणार कसं? त्याने फोन केला तरच. म्हणून नंबर पेशंटला देतेस तसा घरातल्या दुसऱ्या कुणालाही दे. सुनेला, मुलीला, शेजाऱ्याला. ज्याला आपल्याशी बोलायचा संकोच नाही, त्याला.

सोमवारी साडेदहाला पहिली व्हिजिट आहे. गोळ्या तू मोज आणि प्रश्नही तूच विचार. मी शेजारी बसेन.

तुझी,
ताई