पहिल्याच तासाला जाहीरनामा नको

एफवायच्या वर्गाला मानवी हक्क शिकवायचे म्हटले की आपण संयुक्त राष्ट्रांच्या १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यापासून सुरुवात करतो, त्याची तीस कलमे फळ्यावर उतरवतो आणि मागच्या बाकांवर मोबाइल निघतात. मीही पहिली दोन वर्षे हेच केले. तू महाडपासून सुरू कर.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांसह चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले, आणि त्याच दिवशी लोकांना मारहाण झाली. पुढे नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. तळ्याच्या वादात अस्पृश्यांच्या बाजूने हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. एवढे सांग आणि गप्प बस. ‘कागदावर होते, मग अडले कुठे?’ हे वर्गातूनच येऊ दे.

मग जाहीरनामा काढ, पण फक्त पहिले कलम. मसुद्यात ‘ऑल मेन’ होते. ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ व्हावे म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रह धरला. मुली तेव्हा वहीतून मान वर करतात, बघच.

एक सांभाळ. कुणालाही उभे करून ‘तुझा अनुभव सांग’ म्हणू नकोस. मी एकदा म्हटले. तो मुलगा आठ दिवस वर्गात आला नाही.

अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, हा संविधानाच्या अनुच्छेद २२ चा भाग मात्र शेवटच्या तासाला घेऊ नकोस. प्रश्न इतके येतात की घंटा झाली तरी पोरे उठत नाहीत.