दहावीच्या मराठीत उताऱ्यावरचे गुण का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पुण्यात दहावीला आहे, मराठी कुमारभारती घेतलंय. धडे चांगले झालेत, गाइडमधली उत्तरं पाठ आहेत, तरी सराव परीक्षांत गद्य विभागात 18 पैकी 10-11 गुणांवर गाडी अडते आणि अपठित, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या, उताऱ्यात तर हमखास गुण जातात. आकलन कसं वाढवायचं, आणि त्यासाठी वेगळा क्लास लावावा का?

क्लासचं नंतर बघू. आधी मुलाच्या तपासून आलेल्या तीन-चार उत्तरपत्रिका काढा आणि गद्य विभागात गेलेला प्रत्येक गुण खालीलपैकी कोणत्या कारणाने गेला ते शेजारी पेन्सिलीने लिहा. एक, सूचना नीट वाचली नाही. दोन, उत्तर उताऱ्यात होतं पण सापडलं नाही. तीन, सापडलं पण लिहिताना बिघडलं. बहुतेक मुलांच्या बाबतीत पहिलं आणि तिसरं कारणच जास्त निघतं. पालक मात्र दुसऱ्यावर, म्हणजे 'आकलन कमी आहे' यावर, सगळा जोर लावतात. शेवटी मूल आणखी धडे पाठ करतं आणि गुण होते तिथेच राहतात.

कृतिपत्रिकेचा, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा, आराखडा एकदा त्याच्यासमोर मांडा. 80 गुणांपैकी गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16 आणि उपयोजित लेखन 24. गद्यात दोन पठित (पुस्तकातल्या धड्यांतले) उतारे 7-7 गुणांचे आणि एक अपठित 4 गुणांचा. पठितात आकलनाच्या दोन कृती (प्रश्न) 2-2 गुणांच्या आणि स्वमत, म्हणजे स्वतःचं मत मांडायचा प्रश्न, 3 गुणांचं. अपठितात नुसत्या आकलनाच्या दोन कृती. 'चारच गुण तर आहेत' म्हणून अनेक जण अपठित उतारा घाईघाईत उरकतात. पण पाचव्या प्रश्नात, म्हणजे उपयोजित लेखनात, पत्रलेखनाला पर्याय म्हणून जे सारांशलेखन असतं, ते याच अपठित उताऱ्यावर असतं आणि त्याला 6 गुण आहेत. म्हणजे तो एक उतारा नीट वाचणाऱ्याला 10 गुणांपर्यंत देऊ शकतो. हे मुलाला ऑक्टोबरमध्ये कळलं तर उपयोग आहे, मार्चमध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये नाही.

आता एक उतारा घेऊन बघू. परीक्षेत येतो तशा धाटणीचा, पण लहान:

'अठराव्या शतकात पुण्याची वस्ती वाढली आणि पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी बंदिस्त नळाने शहरात आणले गेले. हे पाणी केवळ उतारावरून वाहत येई. नळाच्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास बांधले होते. त्यामुळे नळात हवा कोंडत नसे आणि साठलेला गाळही काढता येई. शहरातल्या हौदांत पडणारे पाणी वाड्यांनाही मिळे आणि सामान्य लोकांनाही. पुढे घरोघरी नळ आले आणि हौदांची देखभाल मागे पडली.'

पहिली कृती समजा अशी: 'कारणे लिहा – नळाच्या वाटेवर उच्छ्वास बांधले होते.' गुण 2. उताऱ्यात कारणं दोन आहेत, हवा कोंडू नये म्हणून आणि गाळ काढता यावा म्हणून. मुलं पहिलं कारण मिळालं की पुढे वाचत नाहीत आणि एक गुण तिथेच सोडतात. म्हणून आकलनाची कृती हाती घेताना आधी कंसातला गुण बघायचा. दोन गुण असतील तर बहुधा दोन मुद्दे हवे असतात, आणि चार चौकटी दिल्या असतील तर चार. चौकटी मोजून मगच उताऱ्याकडे वळायचं.

दुसरी कृती: '"कात्रज" हे उत्तर येईल असा प्रश्न तयार करा.' हा प्रकार सोपा वाटतो म्हणून इथे फार निष्काळजीपणा होतो. 'पाणी कोठून आणले गेले?' असा प्रश्न केला तर उत्तर 'कात्रजहून' येतं, 'कात्रज' नाही. 'तलाव कोठे बांधला गेला?' याचं उत्तर 'कात्रजला'. नेमकं 'कात्रज' यावं म्हणून प्रश्नही तसाच घडवावा लागतो: 'पुण्याला पाणी पुरवण्यासाठी ज्या ठिकाणी तलाव बांधला गेला, त्या ठिकाणाचे नाव काय?' शेवटी प्रश्नचिन्ह हवंच, आणि दिलेला शब्द प्रश्नात येऊ द्यायचा नाही. या एका प्रकाराचा आठ-दहा शब्दांवर सराव केला की विभक्तीचं भान आपोआप येतं. ते पुढे व्याकरणातही कामाला येतं.

तिसरी चूक पुण्यातल्या हुशार मुलांची. या उताऱ्यावर 'पाणी कोणाला मिळत असे?' असं विचारलं की काही जण 'शनिवारवाड्याला' असं लिहून मोकळे होतात, कारण त्यांनी ते शाळेच्या सहलीत ऐकलेलं असतं. ते खरं असलं तरी या उताऱ्यात नाही. इथे उत्तर 'वाड्यांना आणि सामान्य लोकांना' एवढंच. आकलनाच्या कृतीत तुम्हाला काय माहीत आहे हे विचारलेलंच नसतं. समोर छापलेल्या ओळीत काय आहे, एवढंच विचारलेलं असतं. पठित उताऱ्यातही हाच घोळ होतो. धडा पाठ असतो, पण छापलेला उतारा त्या धड्याचा एक तुकडा असतो. मूल उतारा न वाचता गाइडमधलं पूर्ण धड्यावरचं उत्तर उतरवतं, आणि त्यातला निम्मा भाग त्या तुकड्यात नसतोच. पठित उतारासुद्धा पहिल्यांदाच बघतोय अशा रीतीने वाचायचा, हा नियम त्याला घालून द्या. माझ्या मते या विभागात गुण वाढवणारी यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

त्यासाठी घरी एक सवय लावा: सरावाच्या उताऱ्यात प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक उत्तरापुढे ते कोणत्या ओळीतून आलं तो क्रमांक लिहायचा. ज्या उत्तरापुढे क्रमांक लिहिता येत नाही, ते उत्तर मनाचं आहे. सुरुवातीला याचा मुलाला कंटाळा येईल. तीन आठवडे रेटा, मग क्रमांक न लिहिताही नजर ओळीवर जायला लागते.

उत्तर खरंच सापडत नसेल, तर दोन जागा तपासा. पहिली जागा सर्वनामं. 'त्यांनी', 'तो', 'हे', 'त्या' हे शब्द मागच्या कोणाबद्दल आहेत, हे ठरवता आलं नाही की 'कोण ते लिहा' ही कृती चुकते. उतारा वाचताना अशा प्रत्येक शब्दापासून मागच्या नावापर्यंत पेन्सिलीने बाण काढायला लावा. दुसरी जागा जोडशब्द. 'म्हणून' आणि 'त्यामुळे' यांच्या आधी कारण असतं, नंतर परिणाम. 'कारण' आणि 'का तर' यांच्या बाबतीत उलट. 'मात्र', 'पण', 'तरीही' आले की लेखक दिशा बदलतो, आणि त्याला जे म्हणायचंय ते बहुधा नंतरच्या भागात असतं. 'कारणे लिहा' आणि 'परिणाम लिहा' यांची अदलाबदल करणारी मुलं हे शब्द गिळून वाचतात. अडलेला शब्द आला म्हणून थांबायची गरज नाही. वरच्या उताऱ्यात 'उच्छ्वास' माहीत नसला तरी पुढच्याच वाक्यात त्याचं काम सांगितलेलं आहेच.

लिहिण्यातल्या चुका लवकर सुधारतात. कृतिपत्रिकेवर छापलेल्या सूचनांनुसार आकलनाच्या आणि व्याकरणाच्या कृतींमधल्या आकृत्या उत्तरपत्रिकेत काढायच्या असतात, आणि त्या पेनानेच. पट्टी घेऊन सुबक चौकटी आखत बसू नये, हाताने काढलेली स्वच्छ चौकट पुरते. चौकटीत शब्द किंवा शब्दसमूह लिहायचा, अख्खं वाक्य कोंबायचं नाही. 'कारणे लिहा' असेल तर मात्र पूर्ण वाक्य, 'कारण' ने सुरू होणारं किंवा 'म्हणून' ने संपणारं. उताऱ्यातला शब्द उतरवताना ऱ्हस्व-दीर्घ तंतोतंत तसंच ठेवायचं. शुद्ध शब्द डोळ्यांसमोर छापलेला असताना तो चुकवण्यात काहीच अर्थ नाही.

स्वमताचे 3 गुण पठित उताऱ्यांतच असतात, म्हणजे दोन्ही मिळून 6. इथे दोन टोकं दिसतात. काही जण उताराच पुन्हा आपल्या शब्दांत सांगतात. काही जण 'पाणी म्हणजे जीवन' छापाचं भाषण लिहितात, जे कोणत्याही धड्याला चिकटवता येईल. सहा ते आठ ओळी पुरतात. पहिल्या ओळीत आपलं मत सरळ सांगायचं. मग उताऱ्यातला एक धागा पकडून कारण द्यायचं. मग आपल्या आजूबाजूचं एक ठोस उदाहरण. वरच्या उताऱ्यासारखा विषय असेल तर 'जुने जलस्रोत जपले पाहिजेत' एवढं म्हणून थांबू नये. आपल्या गल्लीतली विहीर बुजवली गेली आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर मागवावा लागतो, असं काही तरी लिहावं. परीक्षकाच्या हातात एकसारख्या उत्तरांचा गठ्ठा असतो, त्यात असं बघून लिहिलेलं उदाहरण ठळक उठून दिसतं.

सारांशाबद्दल. उताऱ्याच्या एक-तृतीयांश लांबीचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. शब्द एकेक करून मोजू नका: तीन ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा, ओळींच्या संख्येने गुणा, तीनने भागा. वरचा उतारा 64 शब्दांचा आहे, म्हणजे सारांश 21-22 शब्दांचा. तो असा होईल: 'वाढत्या पुण्यासाठी पेशवेकाळात कात्रजच्या तलावाचे पाणी उतारावरून शहरातील हौदांत आणले गेले. ही सोय सर्वांसाठी होती. घरोघरी नळ आल्यावर मात्र ती दुर्लक्षित झाली.' यात उच्छ्वास गाळले आहेत, कारण तो तपशील आहे. 'सर्वांसाठी' ठेवलं आहे, कारण तो मुद्दा आहे. मुलं नेमकं उलट करतात: पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी उतरवतात आणि शब्द संपले की थांबतात, त्यामुळे शेवटचा कलाटणीचा मुद्दा राहून जातो. सारांशात स्वतःचं मत, उदाहरण, उपदेश काहीही येता कामा नये. पत्र की सारांश, हे डिसेंबरपर्यंत दोन्हींचा सराव करून ठरवा. पत्रात मायना, पत्ता, विषय यांचा साचा पक्का असतो, म्हणून तो अनेकांना सुरक्षित वाटतो. पण ज्याचं वाचन सुधारलंय त्याला सारांशाला वेळ बराच कमी लागतो, तोच उतारा आधी वाचून झालेला असतो. मी वाचणाऱ्या मुलाला सारांशच सुचवेन.

सरावाला उतारे कुठून आणायचे? अप्पा बळवंत चौकातून प्रश्नसंचांचा गठ्ठा आणला की आई-वडिलांना बरं वाटतं, पण एक संच पुरे. त्यापलीकडे बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971पासूनचे अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. त्यातले लेख दहावीच्या अपठिताला अगदी जवळचे आहेत. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतले माहितीपर लेखही चालतील, अग्रलेख जरा जड पडतो. आठवड्यात चार दिवस, रोज एक परिच्छेद. दोन दिवस त्याने उत्तरं लिहायची आणि दोन दिवस त्यानेच त्या परिच्छेदावर कृती तयार करायच्या: एक ओघतक्ता (क्रम दाखवणारी बाणांची आकृती), एक 'कारणे लिहा', एक 'कोण ते लिहा'. त्या तुम्ही सोडवा आणि त्याला तपासू द्या. कृती तयार करताना परीक्षक कोणत्या ओळीवर बोट ठेवतो, हे कळायला लागतं.

वेळेचं गणित: तीन तासांत 80 गुण म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. त्या हिशेबाने गद्याला 40 मिनिटं, त्यात अपठिताला नऊ-दहा. आधी कृती वाचायच्या, मग उतारा एकदा सलग, मग उत्तरं शोधत दुसऱ्यांदा. उलट क्रमाने गेलं की तीन वाचनं होतात आणि वेळ उपयोजित लेखनातून कापला जातो, जिथे 24 गुण आहेत. 2023च्या परीक्षेपासून बोर्ड शेवटी जी दहा मिनिटं वाढवून देतं, ती नवं लिहायला धरू नका. त्यात चौकटी मोजायच्या, प्रश्नचिन्हं बघायची आणि कृतीक्रमांक बरोबर पडलेत का ते तपासायचं.

क्लासचं म्हणाल तर, पेन्सिलीने लिहिलेल्या कारणांत दुसरंच कारण निम्म्याहून जास्त निघालं आणि सहा आठवड्यांच्या सरावानंतरही तसंच राहिलं, तर जरूर कोणाची तरी मदत घ्या. पण ती व्यक्ती मुलाला समोर बसवून उतारा मोठ्याने वाचून घेणारी असावी. तयार उत्तरांच्या नोट्स वाटणारी नको.