आधी आडोसा, मग ब्लॉकचेन

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ब्लॉकचेनवर चालणाऱ्या तुझ्या मोबाइल मतदान ॲपचा प्रोजेक्ट रिपोर्ट दोनदा वाचला. पहिल्यांदा शिक्षकाच्या नजरेने, दुसऱ्यांदा निवडणुकीच्या ड्युट्या केलेल्या केंद्राध्यक्षाच्या नजरेने. शिक्षक खूश आहे. कोड स्वच्छ आहे, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्राम, लहान ठेवलंयस, एकाच मतदाराने दोनदा मत देण्याचा प्रयत्न केला तर काय होतं तेही तपासलंयस. केंद्राध्यक्ष मात्र चौथ्या पानावर अडला. तिथे तू लिहिलंयस की या प्रणालीमुळे निवडणूक शंभर टक्के सुरक्षित होईल. ते वाक्य काढून टाक. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

पण आधी तुझ्या प्रस्तावनेबद्दल. तुझे काका-काकू दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेले आणि २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा फडावर होते, म्हणून त्यांचं मत राहून गेलं. 'काकूला मोबाइलवरून मत देता यावं' हे एक वाक्य तू लिहिलंयस, ते मला साऱ्या रिपोर्टमधलं सर्वांत खरं वाटलं. दर हंगामाला बीडसारख्या जिल्ह्यांतून लाखो माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या मताची काळजी घेणारा प्रोजेक्ट फालतू असूच शकत नाही. म्हणूनच तो चुकू नये असं मला वाटतं.

ब्लॉकचेन काय करते हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तरी मी ते गावच्या भाषेत मांडून बघतो. समज, फेरफाराच्या वहीच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा उमटवला आणि त्या वहीच्या प्रती दहा गावांत दहा माणसांकडे ठेवल्या. आता मधलं एक पान कुणी बदललं, तर पुढचे सगळे ठसे चुकतात आणि चोरी उघडी पडते. ही मोठीच गोष्ट आहे. पण भावाने बहिणीचं खोटं हक्कसोडपत्र करून नोंद घातली असेल, तर ती खोटी नोंदही तितक्याच पक्क्या शाईत राहते. लिहिल्यानंतर काय होतं याची राखण वही करते, लिहिण्याआधी काय झालं ते तिला कळत नाही. आणि निवडणुकीतलं जे काही अवघड आहे, ते बहुतेक लिहिण्याआधीच घडतं.

एका विधानसभेला माझं केंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं. दुपारी एक म्हातारी आली, सोबत मुलगा. "आईला दिसत नाही, मीच बटण दाबतो," तो म्हणाला. नियमात तशी सोय आहे. अंध किंवा अपंग मतदाराला सोबती नेता येतो, त्याचं घोषणापत्र भरून घ्यायचं असतं. मी कागद काढत होतो, तेवढ्यात म्हातारी हळूच म्हणाली, "मला दिसतंय. मी एकटीच जाते." मुलाला दाराशी थांबवलं. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे तिला बराच वेळ लागला. शेवटी मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचा लांब बीप आला. बाहेर आल्यावर मुलाने विचारलं, "कुणाला दिलंस?" ती म्हणाली, "दिलं." आणि पदर सारखा करून चालू लागली.

गुप्त मतदान हे शब्द मी नागरिकशास्त्रात शिकलो होतो. त्यांचा अर्थ मला त्या दुपारी कळला. आणि तुझ्या ॲपमध्ये मी तो आडोसा शोधतोय.

काकूंकडे परत येऊ. फडाजवळच्या कोपीत मोबाइल किती आणि ते कुणाच्या हातात असतात? हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. सगळे मुकादम वाईट नसतात. पण आपल्याला आराखडा करायचा तो वाईटात वाईट संध्याकाळ धरून. त्या संध्याकाळी कुणी म्हणालं, "आणा सगळ्यांचे फोन, मतं देऊन टाकू," तर तुझं ॲप काय करणार? चेहरा जुळेल, ओटीपी येईल, मत साखळीत पक्कं बसेल. सगळ्या तपासण्या पार पडतील आणि मत मात्र काकूंचं नसेल.

एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवरून मतदान चालतं. तिथे यावर उपाय म्हणून मतदाराला पुन्हा मत देता येतं, शेवटचं तेवढं धरलं जातं, आणि केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलं तर ऑनलाइन मत रद्द होतं. प्रत्येकाकडे सरकारी डिजिटल ओळखपत्र असलेल्या छोट्या देशाला ते परवडतं. फोनच स्वतःचा नसलेल्या बाईला 'पुन्हा मत दे' म्हणण्याला अर्थ नाही.

दुसरी अडचण तुझ्या क्यूआर कोडची. मत दिल्यावर मतदाराला कोड मिळतो, तो स्कॅन केला की आपलं मत कुणाला गेलं ते दिसतं. तुला ही पारदर्शकता वाटली. मला ती पैसे वाटणाऱ्याला दाखवायची पावती दिसते. आज पाकीट देणाऱ्याला खात्री नसते की समोरच्याने शब्द पाळला. तू त्याला ती खात्री मिळवून देतेस. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. ती मतदाराच्या हातात देत नाहीत, ते याचसाठी. मतदाराला स्वतःची खात्री पटली पाहिजे, पण ती दुसऱ्याला पटवून देता येता कामा नये. हे दोन्ही एकाच वेळी साधणं हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि जगातली हुशार माणसं त्यावर कितीतरी वर्षं झगडताहेत. शिवाय तुझ्या साखळीतलं काहीच पुसता येत नाही. आज कुलूपबंद केलेलं मत वीस वर्षांनी एखाद्या नव्या यंत्राने उघडलं, तर काकूंनी तेव्हा कुणाला मत दिलं हे साऱ्या गावाला दिसेल.

तुझ्या 'पूर्वीचे प्रयोग' या प्रकरणात सगळ्या यशकथाच आहेत. त्यात थोडी भर घाल. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २०१८ मध्ये परदेशातल्या सैनिकांसाठी आणि नागरिकांसाठी 'व्होट्झ' नावाचं ॲप वापरलं, १४४ जणांनी त्यावरून मतं दिली. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ते ॲप उलगडून पाहिलं. फोनचा ताबा मिळवलेला हल्लेखोर मत पाहू शकतो, बदलू शकतो, अडवू शकतो असं त्यांना आढळलं. आणि ज्या ब्लॉकचेनचा गाजावाजा होता, तिच्याशी मतदाराच्या फोनचा थेट संबंधच दिसला नाही. मत आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जात होतं. राज्याने ते ॲप सोडून दिलं.

मॉस्कोची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१९ च्या शहर निवडणुकीआधी त्यांनी आपल्या प्रणालीचा कोड उघड केला आणि पियेरिक गोद्री या फ्रेंच संशोधकाने तिचं कूटलेखन, म्हणजे मतांना घातलेलं कुलूप, साध्या संगणकावर साधारण २० मिनिटांत मोडता येतं हे दाखवलं. किल्लीची, म्हणजे कुलूप घालणाऱ्या आकड्याची, लांबी तोकडी होती. ती त्यांनी पुढे वाढवली. २०२१ च्या संसदेच्या निवडणुकीत मात्र वेगळंच झालं. कागदी मतांत पुढे असलेले विरोधी उमेदवार, उशिरा आलेली ऑनलाइन मतं मिळवल्यावर अनेक मतदारसंघांत मागे पडले. साखळी होती, ठसे होते. पण तिचे नोड, म्हणजे वहीच्या प्रती सांभाळणारे संगणक, सरकारी यंत्रणेच्याच ताब्यात असतील तर दहा गावांतल्या दहा प्रती कसल्या? एकाच कपाटातल्या दहा वह्या त्या. तुझ्या रिपोर्टमध्ये नोड कोण चालवणार याबद्दल एक ओळही नाही. तिथे एक पूर्ण पान हवं.

किल्ल्यांचंही तसंच. कूटशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या निवडणुका हेलिओस नावाच्या प्रणालीवर घेते. २०२५ मध्ये निकाल उघडायला तीन विश्वस्तांच्या तिन्ही किल्ल्या लागणार होत्या, त्यातल्या एकाची हरवली. मतं सुरक्षित होती, इतकी की कुणालाच वाचता येईनात. निवडणूक पुन्हा घ्यावी लागली, आणि पुढे तीनपैकी दोन किल्ल्या पुरतील अशी तरतूद केली गेली. जगातल्या सर्वांत जाणत्या माणसांच्या हातून हे घडतं, म्हणून तुझ्या डिझाइनमध्ये विसराळूपणाला जागा ठेव.

आपल्याकडेही प्रयत्न झालेत आणि ते तू वाचायला हवेस. निवडणूक आयोगाने २०२० मध्ये आयआयटी मद्रासबरोबर दूरस्थ मतदानासाठी ब्लॉकचेनचा विचार सुरू केला. तेलंगणात खम्मम जिल्ह्यात २०२१ मध्ये मोबाइल मतदानाची रंगीत तालीम झाली. बिहारमध्ये २८ जून २०२५ ला नगरपालिकांच्या निवडणुकीत लोकांनी खरोखर मोबाइलवरून मतं दिली. मला स्वतःला यांतला कुठलाच मार्ग काकूंसाठी पटत नाही. पटतो तो डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने मांडलेला रिमोट व्होटिंग मशीनचा विचार: मतदार जिथे कामाला गेलाय तिथल्याच केंद्रावर, नेटवर्कला न जोडलेल्या यंत्रावर, स्वतःच्या मतदारसंघासाठी मत देणार. एका यंत्रात ७२ मतदारसंघ सामावणार होते. जानेवारी २०२३ मध्ये ते पक्षांना दाखवायला बोलावलं, त्यांच्या शंका फिटल्या नाहीत, गाडी तिथेच थांबली. शंका रास्त होत्या: याद्या कोण करणार, परक्या राज्यात उमेदवाराचा प्रतिनिधी कुठून आणणार? पण त्या योजनेत आडोसा शाबूत होता. कारखान्याच्या गावातली शाळा, तिथला पुठ्ठा, आणि काकू एकट्या. त्या शंकांची उत्तरं शोधायला तुझ्यासारखी मुलं हवी आहेत.

मारकडवाडी तुला आठवत असेल. त्याच विधानसभेनंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या त्या गावाने स्वतःच मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. गावाचा उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता, तरी गावातले आकडे लोकांना पटत नव्हते. प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं. यंत्रात काही गडबड होती असं मी म्हणत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की लोकांनी मागितला तो कागद, कारण कागद त्यांना स्वतःला मोजता येतो. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ ला नेमकं हेच म्हटलं: निवडणुकीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला, तज्ज्ञ नसतानाही, तपासता आले पाहिजेत, आणि तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरली. आता तुझा हॅश, म्हणजे पानावरचा तोच ठसा, मारकडवाडीच्या पारावर नेऊन ठेव. तिथे तो कोण तपासणार? 'तज्ज्ञ तपासतील' हे उत्तर मी तुझ्याकडून घेणार नाही.

मग ब्लॉकचेन टाकून द्यायची का? नाही. तिला जागा चुकीची दिलीस एवढंच. तिचं खरं काम तिथे, जिथे गुप्त काहीच नाही आणि एकमेकांवर विश्वास नसलेली माणसं एकच वही लिहिताहेत. निवडणुकीत अशी एक जागा आहे: नमुना १७-सी. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष त्यात यंत्रात एकूण किती मतं नोंदली ते लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला प्रत देतो. मी ते आकडे कंट्रोल युनिटवर दोनदा बघून लिहीत असे, कारण मोजणीच्या टेबलावर पहिला मेळ त्याचाच बसवायचा असतो. हे फॉर्म केंद्रनिहाय जाहीर करावेत की नाही, हा वाद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

तू असं कर. प्रत्येक पक्षाचा प्रतिनिधी आपल्या प्रतीचा फोटो आणि आकडा त्याच संध्याकाळी टाकेल अशी वही बांध. नोड चालवू दे एकमेकांचे विरोधी पक्ष, एखादं वृत्तपत्र, एखादं महाविद्यालय. पाच प्रतींत आकडा सारखा असेल तर ठीक. एक वेगळा आला की रात्रीच कळेल, मोजणीच्या दिवशी भांडण नको. कुणाचंही मत उघड होत नाही, कुणाच्या फोनवर विसंबावं लागत नाही. आणि पारावरच्या माणसाला हे तपासता येतं: त्याने फक्त आपल्या केंद्राचा कागद आणि पडद्यावरचा आकडा शेजारी ठेवायचा. राज्यात लाखभर केंद्रं आहेत. तू एका प्रभागाच्या वीस केंद्रांपासून सुरू कर. तुझा आत्ताचा सत्तर टक्के कोड इथे तसाच चालेल.

गुप्त मतदानाचा भागही शिकायचाच असेल, आणि तुला तो सोडवणार नाही हे मी ओळखतो, तर बंद मतं न उघडता बेरीज कशी करतात ते वाच. मत टाकण्याआधी यंत्राला 'खरं लिहिलंस का, दाखव' असं आव्हान देण्याची कूटशास्त्रज्ञ जॉश बेनालो यांची पद्धत वाच. आव्हान दिलेलं मत बाद होतं आणि मतदार नव्याने मत देतो, म्हणून पावती उरत नाही. हे कॉलेजच्या एखाद्या मंडळाच्या निवडणुकीत करून बघ, जिथे चुकलं तर पुन्हा घेता येईल. तुझ्याच वर्गातल्या दोघांना प्रणाली फोडायला बसव आणि त्यांना आठवडाभर मोकळीक दे.

येत्या कुठल्याही निवडणुकीत एक दिवस मतदान प्रतिनिधी म्हणूनही बस. पहाटे अभिरूप मतदान होतं, निदान पन्नास मतं टाकून, मोजून, पुसून दाखवतात. मग सीलवर तुझी सही घेतील. संध्याकाळपर्यंत तुला जे दिसेल ते रिपोर्टच्या संदर्भयादीत कुठेच सापडणार नाही.

आणि सगळ्यात आधी हे. हंगाम संपून काका-काकू गावी परतले की काकूंशेजारी वही घेऊन बस. कोपीत फोन कुणाकडे असतो, तो चार्ज कुठे करतात, ओटीपी आला तर वाचतं कोण, आणि कारखान्याच्या गावातल्या शाळेत मतदानाची सोय झाली तर त्या दिवशी टोळी त्यांना दोन तास सोडेल का, हे विचार. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे आणि पहिलं प्रकरण त्यावरून नव्याने लिहून मला पाठव.

तुझे सर