‘आपल्यासारख्या घरांतली’ मुलं

जूनमध्ये मुलुंडहून इथे अमेरिकेत, रॅलेला येताय, मुलगी तिसरीत जाईल, तर ‘आपल्यासारख्या घरांतली मुलं’ असलेली शाळा कुठल्या भागात मिळेल, असं तुम्ही विचारलंत. लसी, तारखा, बस हे सगळं इथल्या शाळांच्या साइटवर आहे, ते परत लिहीत नाही. तुमचे ते तीन शब्द मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाहीयेत. २००९ मध्ये मीही नेमकं हेच शोधत होते.

इथे सरकारी शाळा बहुतेक पत्त्यावर ठरते. म्हणजे घराचं भाडं हीच शाळेची फी. आम्ही २००७ मध्ये आलो तेव्हा वेक काउंटीचं, म्हणजे रॅले ज्या जिल्ह्यात येतं त्याचं, धोरण निराळं होतं. शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेली, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं कुठल्याच शाळेत ४० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, असं २००० साली ठरलं होतं. त्यासाठी काही मुलं बसने लांबच्या शाळेत जायची. पालकांची बरीच ओरड झाली आणि २०१० मध्ये नव्या शाळा बोर्डाने ते मोडीत काढलं.

कागदपत्रांचं एकच सांगते. घरी कुठली भाषा बोलता, या रकान्यात मी ‘मराठी’ लिहिलं आणि लेकीला इंग्रजीच्या चाचणीला बसवलं. ‘इंग्रजी लिहायचं होतंस’ म्हणून ओळखीच्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. तुम्ही मराठीच लिहा. चाचणी अवघड नसते. वीजबिल मात्र दोघांच्या नावावर घ्या. ते एकट्या नवऱ्याच्या नावावर होतं म्हणून मला शाळेच्या खिडकीवरून दोनदा परत पाठवलं. तो राग अजून गेलेला नाही.

लेकीची पहिली मैत्रीण मोफत जेवणवाली होती. आई हॉटेलात खोल्या साफ करायची. दोघी शेजारी बसायच्या, हिच्या डब्यातलं थालीपीठ तिच्या ट्रेमध्ये आणि तिची सफरचंदाची फोड हिच्या डब्यात. मग आम्ही घर घ्यायला निघालो. शाळांच्या रेटिंगचे आकडे बघून घेतलं. ते आकडे बरेचसे परीक्षेच्या गुणांवर असतात आणि गुण आईबापांच्या पगारामागे जातात, हे मला तेव्हाही कळत होतं. नव्या वर्गात सगळ्यांचे बाबा सॉफ्टवेअरमधले.

आणि हे केलं कोणी? मी लालबागच्या चाळीतली. ८२ च्या संपात वडिलांची गिरणी बंद पडली. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. बाकावर शेजारी डॉक्टरांची मुलगी. तिची मागच्या वर्षीची पुस्तकं तिच्या आईने खाकी कव्हरं घालून मला दिली. आमच्या मजल्यावरून कॉलेजला कोणी गेलं नव्हतं. फॉर्म कुठे मिळतो, कुठली शाखा घ्यायची, हे मला तिच्या घरी कळलं. ती जाणार म्हणून मीही जाणार, असं मी धरूनच चालले होते.

तुमच्या मुलीची आत्ताची शाळा खासगी असेल तर वर्गात बहुधा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांवरची गरीब घरांतली मुलंही असतील. त्यांतल्या कितीजणी तिच्या वाढदिवसाला घरी आल्या?

एकटेपणाचं विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, नंतर सवय होते.

जुन्या शाळेच्या शेवटच्या दिवशी त्या मैत्रिणीने पिवळ्या चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला होता. मी तो फ्रिजवर लावला. लेक महिनाभर विचारत होती, फोन कधी करायचा. मी ‘या शनिवारी’ म्हणत राहिले.