दारू सोडायचीय, पण ग्रुप कुठे शोधायचा? तुमचे प्रश्न

प्रश्न : मिस्टर स्वतःहून दारू सोडतो म्हणालेत. पण सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या घ्यावीच लागते. आमच्याकडे एए चा ग्रुप आहे का हे कसं कळेल? – एक ताई, सांगली जिल्हा

ताई, एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट. त्याचं सांगते, पण आधी डॉक्टर. सकाळचे थरथरणारे हात म्हणजे शरीर आता दारूवर चालायला लागलंय. अशा माणसाने घरच्या घरी एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भास सुरू होऊ शकतात, अंगावर नसलेले किडे झटकत बसतो, कुठे आहोत ते कळत नाही, ताप, घाम. याला डीटी म्हणतात आणि यात माणूस जाऊ शकतो. "बाहेरची बाधा" समजून घरात ठेवू नका प्लीज. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. तिथे गोळ्या चालू करून हळूहळू कमी करतात, बी १ व्हिटॅमिन देतात, बहुतेकांचा हा त्रास आठवडाभरात आटोक्यात येतो.

मग ग्रुप. तिथल्याच सोशल वर्करला विचारा, त्यांना साधारण माहिती असते कुठे मीटिंग भरते ती. नाहीतर १४४४६ ला फोन करा, ही सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे. चर्चचा हॉल, शाळेचा वर्ग अशा जागी मीटिंगा भरतात आणि बाहेर मोठा बोर्ड असेलच असं नाही, त्यामुळे जायच्या आधी वेळ आणि जागा फोनवर पक्की करा. आणि ग्रुप निवडताना नावाजलेला नको, जवळचा बघा. संध्याकाळी सातला तलफ येते तेव्हा दोन बस बदलून कोणी जात नाही हो. तालुक्यात काहीच नसेल तर ऑनलाइन मीटिंगा चालतात, त्यापासून सुरू करा.

प्रश्न : मीटिंगला ऑफिसमधलं कोणी भेटलं तर? आणि तिथे नेमकं करतात काय? – पुणे

भेटलं तर तोही तुमच्याच कारणासाठी आलेला असेल ना! तिथे आडनाव विचारत नाहीत, फी नाही. शेवटी खर्चासाठी पिशवी फिरते, ज्याला टाकायचे तो टाकतो, नव्या माणसाने नाही टाकले तरी चालतं. खुर्च्या मांडलेल्या असतात, कोणीतरी उठतो, नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक आहे" म्हणतो आणि स्वतःचं सांगतो, पगार कसा जायचा, मुलगी कशी घाबरायची, आज दिवस कसा काढला. मधे कोणी सल्ला देत नाही. तुम्ही पहिले काही दिवस नुसतं ऐकलं तरी चालेल. क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा प्रॉब्लेम असणाऱ्यांसाठी, ओपनला घरचेही येऊ शकतात.

हे चालतं कसं ते त्याच्या सुरुवातीतच आहे. १९३५ मधे अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात कामासाठी गेलेला बिल विल्सन, धंद्यातला सौदा फिसकटलेला, हॉटेलात उभा, समोर बार. त्याने बारमधे जाण्याऐवजी फोन लावून लावून विचारलं की गावात माझ्यासारखा कोणी दारुडा आहे का ज्याच्याशी बोलता येईल. त्याला भेटला डॉ. बॉब स्मिथ, सर्जन. दोघे तासन्तास बोलले, त्यातूनच एए उभं राहिलं. आजही मीटिंगमधे मुख्य काम हेच. म्हणून एका मीटिंगवरून मत बनवू नका, चार-पाच वेळा जा, नाही जमलं तर दुसरा ग्रुप बघा.

प्रश्न : मी देव मानत नाही. तिथे प्रार्थना असते म्हणे?

असते. पण "देव" म्हणजे ज्याला जसा समजला तसा, कित्येक जण ग्रुपलाच ती शक्ती मानतात. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहा.

प्रश्न : नवरा तयारच नाही. "रुग्णाला न सांगता दारू सोडवा" अशी जाहिरात बघितली, चहातून औषध देऊ का? – एक ताई, नाशिक

अजिबात नको. अशा पुडीत काय असतं ते कोणालाच माहीत नसतं. आणि त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असलं तर त्यावर दारू पडली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली, हार्टचा त्रास असेल तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हे औषध पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीने देतात.

तो येत नसेल तर तुम्ही जा. अल-अनॉन हा घरच्यांचा ग्रुप आहे, त्याने दारू सोडली असो वा नसो. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मधे सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. त्याची बाटली लपवणं, ऑफिसला खोटा फोन करणं, उधारी फेडणं यातलं काय थांबवायचं हे तिथल्या बायका स्वतःच्या अनुभवावरून सांगतील, आणि तुम्हालाही कोणीतरी विचारणारं हवंय की तुम्ही जेवलात का, झोपलात का.

प्रश्न : सात महिने सोबर होतो, भावाच्या लग्नात घेतली. आता ग्रुपला तोंड कसं दाखवू?

दादा, आजच्या मीटिंगला जा. त्या खोलीत स्लिप झालेले तुम्ही एकटे नाही, कोणी हिशोब मागणार नाही. आधी स्पॉन्सरला, म्हणजे ग्रुपमधल्या तुम्हाला आधार देणाऱ्या जुन्या सभासदाला, फोन करा, "घेतली" एवढंच सांगा. आज प्यायलेले असाल तरी जाऊन मागे बसा, बहुतेक ठिकाणी फक्त बोलू नका, ऐका म्हणतात. मात्र लग्नानंतर रोज चालू असेल आणि सकाळी हात थरथरत असतील तर पहिल्या ताईंना सांगितलं तेच, एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरकडे जा, आणि जाताना ग्रुपमधल्या कोणाला तरी सोबत घ्या.