‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा गेम न खेळता थेट त्याचा दुसरा भाग ‘बियाँड अ स्टील स्काय’ घेतला तर चालेल का?

चालेल, पण जुन्या लॅपटॉपवर का होईना, आधी पहिलाच भाग खेळा, कारण तो फुकट आहे आणि दुसऱ्याची खरी गोडी त्यातूनच कळते. १९९४ चा हा गेम रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरने २००३ मध्ये मोफत केला. स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या संकेतस्थळावर तो १०० एमबीच्या आत मिळतो आणि अँड्रॉइड फोनवरही चालतो, म्हणजे पावसात वीज गेली तरी खेळ थांबत नाही. मी दोन्ही भाग पूर्ण खेळलोय. पहिल्यात अगदी सुरुवातीला कठड्याचा लोखंडी गज उपसून दार उचकटायचं, तिथूनच पकड बसते. जोई हा रोबॉट तर केवळ एक सर्किट बोर्ड. मिळेल त्या यंत्रात बसवला की बोलायला लागतो, आणि त्याची बडबड ऐकण्यासारखी आहे! २०२० च्या दुसऱ्या भागात गेमचा नायक फॉस्टर, पळवून नेलेल्या एका मुलाच्या शोधात, दहा वर्षांनी युनियन सिटी या शहरात परततो. कथा नव्याने समजावली जाते, त्यामुळे अडत नाही. मात्र पहिल्याचा शेवट तिथे सुरुवातीलाच फुटतो.

एक लक्षात ठेवा: दुसरा भाग जुन्या अर्थाने पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे नुसत्या माउसच्या क्लिकवर खेळायचा, नाही. तो थ्रीडी आहे, फॉस्टरला स्वतः चालवावं लागतं, आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर तो रखडेल. पहिल्यात मात्र फॉस्टर मरू शकतो, तेव्हा वरचेवर सेव्ह करत जा.