आईवडील विदर्भातल्या खेड्यात एकटे राहतात आणि मी पुण्यात आहे. त्यांना तिथे कोणाचा आधार मिळू शकेल?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: वडील ७६ वर्षांचे, आई ६९ ची, दोघंही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात, तालुका बसने तासाभरावर. तुम्ही नोकरीमुळे पुण्यात, आणि घर सोडून यायला दोघंही तयार नाहीत. मी याच जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लोक अजून त्याला सेतूच म्हणतात. तुमच्या आईवडिलांच्या वयाची माणसं रोज माझ्यासमोर बसतात, म्हणून सांगतो: त्यांना तिथेच राहू द्या. आधार आहे. पण इथे प्रत्येक सोय कोणत्या ना कोणत्या एका माणसाच्या हातून घरी पोचते, आणि त्या माणसाची तुमच्या घराशी ओळख अडचण येण्याआधीच झालेली असावी लागते.

सगळ्यात आधी वडिलांच्या आधारला कोणता मोबाईल नंबर जोडलाय ते बघा. बहुतेक घरांमध्ये तो पुण्या-मुंबईच्या मुलाचा असतो. मुलाने चांगल्या मनानेच दिलेला असतो. मग होतं असं की म्हातारा माणूस उन्हातान्हात बसने येऊन माझ्या केंद्रात बसतो, ओटीपी जातो पुण्याला, मुलगा मीटिंगमध्ये, आणि दहा मिनिटांत ओटीपीची मुदत संपते. दोघांचेही स्वतःचे नंबर जोडून घ्या. हे काम पोस्टमन घरी येऊनही करतो, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो.

दुसरी गोष्ट बोटांची. ज्याचा जन्म कापूस वेचण्यात आणि विळा-खुरपं चालवण्यात गेला त्याच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा, परत ठेवला की परत लाल. ‘आंगठा काहून नाही लागून रायला, बापू?’ असं विचारताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघवत नाही, जणू चूक त्याचीच. आम्ही ओल्या फडक्याने बोट पुसतो, कोरडं पडलं असेल तर खोबरेल तेलाचा थेंब चोळून परत पुसतो, मग एकेक बोट लावून बघतो. अंगठा आणि तर्जनी गेलेल्या असतात, पण अनामिका किंवा डावी करंगळी लागून जाते. तुमच्या वडिलांचं कोणतं बोट लागतं ते एकदा शोधा आणि त्यांना पक्कं सांगून ठेवा. एकही बोट लागत नसेल तर आधार केंद्रात जाऊन बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे नव्याने देऊन या. वडील पेन्शनर असतील तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही निघतो. त्यासाठी तालुक्याला हेलपाटा घालायची गरज नाही.

कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानातही अंगठाच लागतो. दर महिन्याला अडत असेल तर नॉमिनी नेमायची सोय आहे. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यायचा. तो अर्ज तुम्ही दिवाळीला याल तेव्हा उरकून टाका.

आता दवाखान्याचं, कारण तुम्हाला खरी काळजी त्याचीच असणार. वडील सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांना मिळतंच. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ते लागू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. फक्त आधार लागतं. आईला ७० पूर्ण झाली की तिचंही काढा. तोवर रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, म्हणजे ऐनवेळी दवाखान्यात भांडण होणार नाही. कार्ड चालतं भरती झाल्यावर, आणि तेही योजनेत असलेल्या रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांसाठी. दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात येत नाहीत. त्या गोळ्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, त्या बीपी मोजून वहीत नोंद करतात. वडिलांना महिन्यातून एकदा तिथे जायची सवय लावा. गोळ्यांपुरतीच ही सवय नाही. तिथे नाव नोंदलेला माणूस एखाद्या महिन्यात आला नाही तर विचारणा होते, आणि ती विचारणा मला गोळ्यांइतकीच मोलाची वाटते.

मोठं काही झालं तर १०८. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि अख्ख्या राज्याचं नियंत्रण कक्ष पुण्यातच आहे. म्हणजे आईने घाबरून तुम्हाला फोन केला तर तुम्ही पुण्याहूनही १०८ लावून गावी गाडी मागवू शकता. फोनवर जिल्हा, तालुका, गाव, कोणत्या फाट्यावरून आत वळायचं आणि घराजवळची ठळक खूण एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे. हे कागदावर लिहून आईच्या देवघराजवळ चिकटवा आणि स्वतःच्या फोनमध्येही ठेवा. गाडी तालुक्याहून किंवा मोठ्या आरोग्य केंद्रावरून निघते, एखाद्या दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली असते, पावसाळ्यात नाल्याला पूर असतो. म्हणून गावातल्या ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा आणि भाडं ठरवून टाका. रात्री दोन वाजता उठून गाडी काढणाऱ्याला ‘किती देऊ?’ हा प्रश्न त्या वेळी ऐकावा लागू नये.

ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवलं तर आपल्याकडचे लोक यवतमाळच्या मेडिकलला जातात, नाहीतर सेवाग्राम किंवा सावंगीला. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ सालचं, खेड्यातल्या माणसासाठीच काढलेलं. तिथल्या वऱ्हांड्यात आपल्यासारखीच धोतर-लुगड्यातली माणसं दिसतात म्हणून म्हातारी मंडळी बुजत नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र बसतो. पेशंट डॉक्टरांच्या हाती सोपवला की लगेच त्याला गाठा. वडील अजून शेतात जात असतील तर एवढं सांगून ठेवा: साप चावला की मांत्रिक नको, करकचून दोरी बांधणं नको, सरळ ग्रामीण रुग्णालय. विषावरचं इंजेक्शन तिथे असतं.

आता एक गोष्ट, जी बाहेरगावी राहणाऱ्या मुलांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही म्हणाल शेजारी आहेत, भावकी आहे, गाव भरलेलं आहे. पण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणीच्या दिवसांत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गाव रिकामं असतं. शेजारची वहिनी शेतात, तिचा नवरा शेतात, पोरं शाळेत. त्या वेळी आई अंगणात पडली तर हाक ऐकायला कोणी नाही. मृगाच्या पेरणीतही तसंच. मग दिवसा गावात असतं कोण? अंगणवाडीची ताई, शाळेतले गुरुजी, ग्रामपंचायतीचा शिपाई, किराणावाला, पिठाच्या चक्कीवाला, शिलाईमशीनवर बसलेली बाई. दुपारचा आधार म्हणजे हीच माणसं. यांच्यापैकी दोघांचे नंबर तुमच्याकडे हवेत आणि तुमचा त्यांच्याकडे. किराणावाल्याला नुसतं एवढं सांगा की बाबा रोज सकाळी दुधाची पिशवी न्यायला येतात, एखाद्या दिवशी आले नाहीत तर पोराला घरी धाडा आणि मला मिसकॉल द्या. हे काम नाही म्हणणारा किराणावाला मला तरी अजून भेटलेला नाही.

आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, तिच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. गावातल्या आजाऱ्याची पहिली बातमी तिला असते. कोणती बस पकडायची, कोणता डॉक्टर कोणत्या दिवशी बसतो, मोतीबिंदूचं शिबिर कधी आहे, सगळं तिला माहीत. तिला पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, आणि कामं मात्र सर्व्हेपासून लसीकरणापर्यंत वाढतच चाललीत. त्यामुळे ‘ते तर तिचं कामच आहे’ असं समजून तिला हक्काने राबवू नका. गावी याल तेव्हा तिच्या घरी जाऊन भेटा, आईवडिलांच्या औषधांची चिठ्ठी दाखवा, तिच्या पोरांची विचारपूस करा. रात्री दवाखान्यात सोबत गेली तर तिचं जाण्यायेण्याचं भाडं न मागता द्या.

पैसे काढायला बँकेत जायची गरज फारशी उरलेली नाही. पोस्टमन आधारवर अंगठा लावून घरीच रक्कम देतो, बँकमित्र, म्हणजे बँकेने नेमलेला गावातला माणूस, तोही देतो. पण इथे फसवणूक होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मशीन एक आकडा दाखवतं आणि हातात कमी नोटा पडतात, किंवा ‘अंगठा लागला नाही, परत लावा’ म्हणून दोनदा काढले जातात. म्हणून तीन गोष्टी वडिलांच्या अंगवळणी पाडा: पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही, बँकेचा मेसेज स्वतःच्या फोनवर आला पाहिजे, आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, सेतूवाल्याला सुद्धा नाही. मला ओटीपी हवा असेल तर तो त्यांनी स्वतःच्या हाताने टाकावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

एसटीत वडिलांना तिकीट नाही. ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आधार दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट हाती येतं. आईला अर्धं तिकीट. हे किरकोळ वाटेल, पण मोफत प्रवास सुरू झाल्यापासून कितीतरी म्हातारे आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला यायला लागले. दवाखाना, बँक, लेकीची भेट एकाच फेरीत होते. तुमच्या गावाला मुक्कामी, म्हणजे रात्री गावातच थांबणारी गाडी येत असेल तर तिची सकाळची वेळ सांभाळा. यवतमाळला तपासणीला जायचं तर तीच गाडी कामाची.

निराधार आणि श्रावणबाळ या सरकारी योजनांच्या महिना पंधराशे रुपयांबद्दल बरेच जण विचारतात. स्पष्ट सांगतो, उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची आहे, आणि शेती व नोकरदार मुलगा असलेल्या घराला ती बसत नाही. त्यासाठी खोटा उत्पन्नाचा दाखला काढायला कोणी सुचवलं तर नाही म्हणा. त्या यादीत खरोखर मुलंबाळं नसलेल्या बाया आहेत, त्या माझ्या केंद्राच्या पायरीवर तासन्‌तास बसतात. वडिलांच्या नावावर सातबारा असेल तर पीएम किसानचं केवायसी आणि शेतकरी ओळख क्रमांक मात्र करून घ्या, तो त्यांच्या हक्काचा पैसा आहे.

रात्री एकटं वाटणं, भीती, झोप न लागणं यासाठी १४४१६ वर टेलिमानसचे समुपदेशक मराठीत बोलतात, आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. दोन्ही फुकट. पण आईच्या मनासाठी मला त्याहून जास्त भरवसा गावच्या गुरुदेव सेवा मंडळाचा वाटतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आपल्या भागात संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेची रीत अजून टिकून आहे. दिवसभर रानात असलेलं गाव त्या वेळी एकत्र बसतं. रोज येणारा माणूस दोन दिवस दिसला नाही तर प्रार्थना झाल्यावर चार जण त्याच्या दारात जातात. आई जात नसेल तर तिला जायला लावा, गुडघे दुखत असतील तर बसायला एक खुर्ची तुम्ही मंडळाला घेऊन द्या.

कोणत्याच योजनेत मिळत नाही ती गोष्ट म्हणजे घरात थांबणारं माणूस. वडील अंथरुणाला खिळले तर उठवणं, बसवणं, अंग पुसणं यासाठी ना आशाताई येणार ना पोस्टमन. अशा वेळी चुलतभावाच्या बायकोवर सगळा भार टाकून मोकळं व्हायची पद्धत पडलीये, आणि ती मला अजिबात पटत नाही. ती बाई स्वतःचं घर आणि वावर सांभाळून हे करते. कोणी तिला विचारलेलं नसतं. आधीच ठरवा, महिन्याचा मोबदला द्या, तिच्या खात्यात टाका. नात्यातली नको असेल तर बचत गटाच्या ताईला विचारा. गटातल्या कोणत्या बाईला असं काम हवंय आणि कोणाच्या हाताला माया आहे, ते तिला बरोबर ठाऊक असतं.

तुमचा तालुका कोणता ते खाली लिहा. माझ्या बाजूचा असेल तर तिथल्या सेतूमध्ये कोणत्या दिवशी गर्दी कमी असते आणि आधार केंद्र कोणत्या वारी उघडं असतं, ते विचारून कळवतो. म्हणजे वडिलांची फेरी वाया जाणार नाही.